शॉर्टफिल्म लॉक करण्याआधी: प्रेक्षकांना कशी दाखवायची, त्यांचं कसं ऐकायचं

विद्यार्थ्यांच्या शॉर्टफिल्मचा पहिला अनोळखी प्रेक्षक बहुतेक वेळा परीक्षक असतो, नाहीतर फेस्टिव्हलच्या निवड समितीतलं कुणीतरी. म्हणजे फिल्ममध्ये काही बदलायची वेळ निघून गेल्यावरच ती परक्या डोळ्यांना दिसते. स्क्रिप्टचे चार-चार खर्डे होतात, लोकेशनची रेकी होते, पण एडिट झालेली फिल्म दिग्दर्शक, एडिटर आणि फार तर गाइड एवढ्याच मंडळींनी पाहिलेली असते. या सगळ्यांना गोष्ट पाठ असते. काय कळत नाहीये, हे त्यांना दिसणं शक्यच नसतं.

एकांकिका केलेल्यांना हे पटवून द्यावं लागत नाही. पुरुषोत्तम करंडकाची प्राथमिक फेरी झाली की कुठली जागा पडली, कुठे हशा आला, हे टीमला त्याच रात्री माहीत असतं आणि अंतिम फेरीची तालीम त्यावर उभी राहते. सिनेमातही ही पद्धत जुनीच आहे. १९२० च्या दशकात हॅरॉल्ड लॉइड आपले विनोदी मूकपट प्रदर्शनाआधी प्रेक्षकांना दाखवायचे, हशा कुठे पिकतो ते बघायचे आणि त्यानुसार पुन्हा कापायचे. तुम्हाला त्यासाठी स्टुडिओ लागत नाही. दहा माणसं, एक बरा टीव्ही किंवा प्रोजेक्टर आणि हातात दोन-तीन आठवडे, एवढं पुरतं.

पुढचं सगळं नीट समजावं म्हणून एक फिल्म डोळ्यासमोर ठेवू. समजा, तुमची चौदा मिनिटांची फिल्म इचलकरंजीत घडते. घराला लागून शेड, शेडमध्ये दोन जुने यंत्रमाग. मुलीला पुण्यात ॲडमिशन मिळालीय, फी भरायची आहे. बाप तिला न सांगता माग भंगारात विकतो. दिवाळीला ती घरी येते तेव्हा घर गप्प असतं. रिकामी शेड तुम्ही दाखवत नाही. नुसत्या शांततेवरून तिला कळतं, आणि तिच्याबरोबर प्रेक्षकालाही कळावं, ही तुमची इच्छा.

कोणता कट दाखवायचा

नुसते सीन ओळीने लावलेली असेंब्ली दाखवू नका. तिच्यात सगळंच लांबलेलं असतं आणि लोक तेच सांगत बसतात, जे तुम्हाला आधीच माहीत आहे. उलट म्युझिक, मिक्स (सगळे आवाज एकमेकांशी जुळवणं), कलर (रंग सारखे करणं) सगळं झाल्यावर दाखवलीत तर ऐकलेलं वापरायची सोयच राहत नाही. पिक्चर लॉक झाल्यावर, म्हणजे चित्राचं एडिट पक्कं करून ते आता बदलायचं नाही असं ठरल्यावर, साऊंडवाला तुमच्या टाइमलाइनवर काम सुरू करतो. २४ फ्रेम्सच्या एका सेकंदातल्या दहा फ्रेम्स तुम्ही मधूनच काढल्या तरी त्यापुढचा प्रत्येक आवाज सरकतो आणि त्याला सगळं नव्याने जुळवावं लागतं. म्हणून दाखवायचा तो एडिटरच्या मते ‘जवळपास झालेला’ कट, लॉकच्या आधीचा.

दोन गोष्टी मात्र कच्च्या चालणार नाहीत. संवाद स्पष्ट ऐकू यायला हवेत आणि एका शॉटमधून दुसऱ्या शॉटमध्ये जाताना आवाज खाड्कन तुटता कामा नये. कलर नसला तरी लोक दोन मिनिटांत विसरतात, खराब आवाज मात्र शेवटपर्यंत विसरत नाहीत. एखादा शॉट अजून घ्यायचा राहिला असेल तर तिथे काळ्या पडद्यावर एक ओळ लिहा: ‘बाप भंगारवाल्याच्या टेम्पोकडे बघतो’. तेवढं पुरतं.

तात्पुरतं म्युझिक लावलं असेल तर जपून. दुसऱ्या कुणाच्या चित्रपटातलं भारी संगीत खाली असलं की सीन चालल्यासारखा वाटतो, आणि ते संगीत तर तुम्हाला मिळणार नसतं. मी तर पहिल्या खेळाला म्युझिक काढूनच टाका म्हणेन.

खेळाआधीचा कागद

हे काम सगळ्यात जास्त टाळलं जातं आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. एका कागदावर लिहा: कितव्या मिनिटाला प्रेक्षकाला काय कळलेलं असायला हवं. आपल्या फिल्मपुरतं असं होईल. दुसऱ्या मिनिटापर्यंत: हे घर मागावर चालतं. चौथ्यापर्यंत: फी शुक्रवारपर्यंत भरायची आहे आणि पैसे नाहीत. सातव्यापर्यंत: बाप काहीतरी लपवतोय. बाराव्याला: माग बंद आहेत. तेराव्याला: माग नाहीतच, आणि ते का नाहीत.

हा कागद कुणाला दाखवायचा नाही. खेळ झाल्यावर लोकांची उत्तरं याच्याशी ताडून बघायची. कागद नसेल तर लोक जे बोलतील ते सगळंच सारख्या वजनाचं वाटायला लागतं आणि मग जो मोठ्याने बोलेल त्याचं ऐकलं जातं.

कुणाला बोलवायचं

आठ ते बारा माणसं. युनिटमधलं कुणी नको, स्क्रिप्ट वाचलेलं कुणी नको, आई-वडील शक्यतो नकोत. सगळेच फिल्मचे विद्यार्थी असले तर चर्चा लेन्सवर जाते. एखादी शेजारची काकू, एखादा इंजिनीअरिंगचा मुलगा, दुसऱ्या शाखेचे दोन-तीन जण, साठीच्या पुढचं एखादं माणूस असं मिश्रण असू द्या. शिवाय विषय आतून माहीत असलेलं एक तरी माणूस हवंच. मागावर काम केलेला माणूस तुम्हाला सांगेल की धोटा (आडवा धागा नेणारी मागाची नळी) असा हातात धरत नाहीत, किंवा तागा (कापडाची गुंडाळी) असा खांद्यावर टाकत नाहीत. ते बाकीच्या नऊ जणांना कळणार नाही, पण इचलकरंजीत फिल्म दाखवाल त्या दिवशी सगळ्यांना कळेल.

ओळखीच्या सगळ्यांना एकाच खेळाला बोलावू नका. एक माणूस तुमची फिल्म पहिल्यांदा एकदाच बघू शकतो. निम्मी माणसं दुसऱ्या खेळासाठी राखून ठेवा.

बोलावणं पाठवताना गोष्ट सांगू नका, ‘माझी फिल्म’ असंही शक्यतो म्हणू नका. ‘एक चौदा मिनिटांची फिल्म आहे, अजून एडिट चालू आहे, बघून मोकळेपणाने सांगायचं आहे, एकूण तासभर जाईल’ एवढंच कळवा. व्हॉट्सॲपवर लिंक टाकून अभिप्राय मागण्यात फार अर्थ नाही. लोक बसमध्ये, थांबवत थांबवत, फोनच्या स्पीकरवर बघतात. कुणाला लिंक द्यावीच लागली तर पासवर्ड घालून द्या. यूट्यूबवर सगळ्यांसाठी खुली करू नका, कारण आधीच ऑनलाइन आलेली फिल्म काही फेस्टिव्हल घेत नाहीत.

खोली

कॉलेजचा सेमिनार हॉल मिळाला तर उत्तम, नाहीतर कुणाच्या घरचा मोठा टीव्हीही चालेल. पडदे ओढा, फोन बाजूला ठेवायला सांगा, स्पीकर आदल्या दिवशी तपासा. फाइल लॅपटॉपवर उतरवलेली असू द्या, वायफायवर विसंबू नका. चहा-वडापाव नंतर, खायला आधी दिलं तर पहिली तीन मिनिटं कागदाच्या चुरचुरीत जातात.

मराठी प्रेक्षकांना पहिल्या खेळाला सबटायटल्स लावू नका. हे फार कमी जण पाळतात. खाली ओळ दिसली की डोळा ती वाचतो, आणि मग संवाद ऐकू आला की नाही हे तुम्हाला कधीच कळत नाही. तुम्हाला स्वतःला तर ते कळणारच नाही, कारण प्रत्येक वाक्य तुमच्या डोक्यात आधीपासून वाजत असतं. मागाच्या खडखडाटात मुलगी म्हणते, ‘‘आप्पा, फी शुक्रवारपर्यंत भरायची हाय,’’ आणि आप्पा धोटा न सोडता म्हणतात, ‘‘भरूया की.’’ यातलं ‘शुक्रवार’ ऐकू आलं नाही तर पुढच्या तीन मिनिटांतली घाई कुणाला कळणार नाही. लोक म्हणतील, ‘बाप उगाच चिडचिड करतो.’

सुरुवातीला भाषण नको. ‘साऊंड बाकी आहे, कलर बाकी आहे, हा सीन आम्हाला पावसामुळे नीट घेता आला नाही’ असं सांगितलंत की लोक तुमच्या बाजूचे होतात आणि खरं सांगत नाहीत. ‘एडिट अजून चालू आहे’ एवढंच म्हणा आणि दिवा घालवा. हेही दिग्दर्शकाने म्हणू नये. खेळ चालवायला एक मित्र नेमा, ज्याला फिल्मशी काही देणं-घेणं नाही.

फिल्म चालू असताना

तुम्ही बाजूला, थोडं पुढे, भिंतीलगत बसा, म्हणजे चेहरे दिसतील. पडद्याकडे बघू नका. हातात एक वही आणि फिल्मबरोबरच सुरू केलेलं स्टॉपवॉच. पडद्यावर टाइमकोड (मिनिट-सेकंदांचे धावते आकडे) ठेवला तर प्रेक्षक आकडेच बघत बसतात, म्हणून तो त्यांच्या कॉपीवर नको. एडिटरसाठीच्या कॉपीवर जरूर घ्या. दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये डेटा बर्न-इन नावाची सोय त्यासाठीच आहे.

वहीत फक्त वेळ आणि शब्द: ४:१० दोघं हलले. ६:३५ एकाने घड्याळ बघितलं. ९:०२ हसू, पण इथे हसू अपेक्षित नव्हतं. १२:२० सगळे स्तब्ध. अर्थ लावत बसू नका, तो नंतर लावायचा. खुर्ची करकरणं, खोकला, पाय बदलणं ही माणसं तोंडाने बोलणार नाहीत अशी माहिती आहे आणि तिच्यात शिष्टाचार नसतो.

आधी कागद, मग गप्पा

फिल्म संपली की दिवे लावा आणि कुणी बोलायच्या आत कागद वाटा. हा क्रम मोडू नका. पहिला माणूस ‘मला शेवट फार आवडला’ म्हणाला की ज्यांना शेवट कळला नाही ते गप्प बसतात. कागदावर नाव लिहायला लावू नका. प्रश्न पाच-सहाच ठेवा:

गोष्ट दोन-तीन ओळींत सांगा. 
कुठे गोंधळ झाला? तेव्हा पडद्यावर काय चाललं होतं? 
कुठे लक्ष उडालं? 
कोणता क्षण लक्षात राहिला? 
शेवटी काय झालं आणि ते का झालं? 
कुठलं वाक्य ऐकू आलं नाही?

‘फिल्म आवडली का?’ हा प्रश्न यात नाही. आपल्याकडे समोरच्याने मेहनत घेतलीय हे दिसत असताना कुणी ‘नाही आवडली’ लिहीत नाही. ‘छान झालीय’, ‘प्रयत्न चांगला आहे’, ‘विषय वेगळा आहे’ हे आपले मदतीला येणारे शब्द आहेत. ‘फोटोग्राफी सुंदर आहे’ हे वाक्य तीन-चार कागदांवर पहिल्याच ओळीत आलं, तर बहुधा गोष्ट पोचलेली नाही. फिल्म भिडलेला माणूस आधी माणसांबद्दल बोलतो: ‘त्या पोरीने आत जायला हवं होतं,’ ‘आप्पांनी सांगायला पाहिजे होतं.’

सगळ्यात मोलाचा प्रश्न पहिला. लोक गोष्ट जशी सांगतात तशी ती त्यांनी पाहिली. तिथे वाद घालायला जागा नाही.

कागद गोळा झाल्यावर चहा, आणि पंधरा-वीस मिनिटं गप्पा. दिग्दर्शकाला इथे एकच बंधन आहे: खुलासा करायचा नाही. ‘अहो, पण तिसऱ्या सीनमध्ये दाखवलंय ना’ हे वाक्य तोंडात आलं तरी गिळायचं. दाखवलंय, पण दिसलं नाही, ही बातमी आहे आणि ती मिळवायलाच हा सगळा खटाटोप केलाय. तुम्ही फक्त विचारा, ‘नेमकं कुठे?’ आणि ‘तेव्हा काय वाटलं?’ वयाने मोठ्या माणसांना लगेच थांबवू नका, काका-मावश्या जरा वळणं घेऊन मुद्द्यावर येतात आणि बऱ्याचदा त्यांचाच मुद्दा सगळ्यात थेट असतो.

लक्षण आणि औषध

आता खरं काम. त्याच रात्री एडिटवर बसू नका. एक दिवस जाऊ द्या. मग कागद, वही आणि तुमचा तो आधी लिहिलेला मिनिटांचा कागद समोर मांडा.

प्रेक्षक लक्षण बिनचूक सांगतो, पण त्याने सुचवलेलं औषध सहसा चुकतं. ‘इथे कंटाळा आला’ हे शंभर टक्के खरं, कारण कंटाळा त्यालाच आला. ‘म्हणून हा सीन काढा’ हा त्याचा अंदाज. आणि दुखणं जिथे जाणवतं त्याच्या बरंच आधी त्याचं कारण असतं. शॉर्टफिल्ममध्ये तर फारच, कारण शेवट हा सुरुवातीवर उभा असतो.

आपल्या फिल्मवर बघू. समजा, दहापैकी सहा जणांनी लिहिलं, शेवट कळला नाही. त्यातल्या तिघांनी लिहिलं, ‘वडील वारले.’ सूचना अशा: शेवटी मुलीला एक वाक्य द्या, रिकामी शेड दाखवा, बापाचा व्हॉइसओव्हर टाका. तिन्ही सूचना प्रामाणिक आहेत, आणि तिन्हींतली कुठलीही मानली तर तुम्ही ज्यासाठी फिल्म केली ती शांतताच मरते.

आता मागे जा. शांतता कळली नाही, म्हणजे आवाज कधी लक्षातच आला नव्हता का? पहिल्या तीन मिनिटांचा साऊंड ट्रॅक उघडा. संवाद ऐकू यावेत म्हणून एडिटरने मागाचा आवाज इतका खाली घेतलाय की तो पंख्याच्या घरघरीसारखा वाटतो. नवव्या मिनिटाला मुलगी हॉस्टेलवरून फोन करते. बापाचं बोलणं नंतर स्वच्छ डब केलेलं, त्यामागे काहीच नाही. म्हणजे बाराव्या मिनिटाला जी शांतता प्रेक्षकावर आदळायला हवी, ती त्याने नवव्यालाच ऐकली आहे आणि तेव्हा तिचा काही अर्थ नव्हता.

आणि ‘वडील वारले’? दिवाळीच्या दुपारी आप्पा चटईवर झोपलेत, शॉट आठ सेकंदांचा, अजिबात हालचाल नाही. गप्प घर, निजलेला म्हातारा, दारात थबकलेली मुलगी. मीही तेच समजलो असतो.

यावर इलाज असा. पहिल्या सीनमध्ये मागाचा आवाज वर घ्या आणि बापलेकीला त्यावर ओरडून बोलू द्या. तसे टेक नसतील तर पाठमोऱ्या शॉटवर ती दोन वाक्यं मोठ्या आवाजात पुन्हा डब करा. वीज जाते आणि माग थांबतात असा एखादा तुकडा फुटेजमध्ये पडला असेल तर तो दुसऱ्या मिनिटाला वापरा: खडखडाट थांबतो, सगळे वर बघतात, वीज येते, पुन्हा खडखडाट. वीस सेकंदांत प्रेक्षक शिकतो की या घरात शांतता म्हणजे काहीतरी बिघडलंय. फोनमध्ये आप्पांच्या मागे एकदा माग ऐकू येऊ द्या, आणि दुसऱ्या फोनमध्ये येऊ देऊ नका. झोपलेल्या आप्पांचा असा टेक निवडा ज्यात ते कूस बदलतात. शेवटच्या दोन मिनिटांत ही कूस सोडून काहीही बदललेलं नाही, आणि नवा दिवस शूटही करावं लागलेलं नाही.

परस्परविरोधी मतं आली की नवखे दिग्दर्शक हताश होतात. एक म्हणतो भंगारवाल्याचा सीन लांबला, दुसऱ्याला तोच आवडतो. अशा वेळी बघा, की आवडणाऱ्याला बाप काय करतोय हे आधी कळलं होतं का. बहुतेक वेळा हो. ज्याला कळलं त्याला ते वीस सेकंदांचं घासाघीस करणं जीवघेणं वाटतं, ज्याला नाही कळलं त्याला दोन माणसं लोखंडाच्या भावावर बोलताना दिसतात. सीन छोटा करून काही होणार नाही, त्याच्या आधी माहिती द्यायला हवी.

एका जागेवर तीन-चार जण अडले तर तिथे नक्की काहीतरी आहे. एकच माणूस अडला तर सोडून द्यायला हरकत नाही, मात्र तो एकटा मागवाला असेल आणि मागाबद्दल बोलत असेल तर त्या एकाचं मत बाकी सगळ्यांपेक्षा जड.

दुरुस्ती कोणत्या क्रमाने

आधी समजण्याचे प्रश्न, मग ऐकू येण्याचे, मग लांबीचे. आवडीनिवडीचे सगळ्यात शेवटी, आणि ते नाही सोडवले तरी चालतात. हा क्रम ठेवण्याचं कारण आहे: गोष्ट कळायला लागली की लांबीच्या निम्म्या तक्रारी आपोआप जातात. आधीच कापाकापी केली तर अकरा मिनिटांची तितकीच न कळणारी फिल्म हाती येते.

जुना कट पुसू नका, टाइमलाइनची प्रत काढून तारीख घालून ठेवा. स्वस्त उपाय आधी वापरून पाहा: सीनची जागा बदलणं, शॉटची सुरुवात उशिरा करणं, पाठमोऱ्या माणसाच्या तोंडी एक वाक्य, दाराबाहेरचा आवाज, एखादा इन्सर्ट (एखाद्या वस्तूचा जवळून घेतलेला छोटा शॉट). फीची पावती किंवा कॅलेंडरवरची खूण हे इन्सर्ट घरी टेबलावरही घेता येतात, फक्त उजेड जुळवा. आणि पावती वाचायला पुरेशी पडद्यावर राहते का ते बघा. तुम्ही ती एका नजरेत वाचता, कारण ती तुम्हीच लिहिलीय. एखाद्या नव्या माणसाला हळू आवाजात वाचायला लावा आणि तेवढा वेळ ती ठेवा.

दुसरा खेळ, आणि कुठे थांबायचं

आठवड्याभराने राखून ठेवलेल्या माणसांना बोलवा. तेच प्रश्न, तीच खोली, तसाच आवाज, म्हणजे तुलना करता येईल. पहिल्या खेळातल्या एखाद-दुसऱ्याला बोलावलंत तरी त्याचे कागद वेगळे ठेवा, कारण तो आता शेवट माहीत असलेला माणूस आहे. ‘शेवटी काय झालं’ याचं उत्तर दहापैकी आठांना नीट देता आलं तर थांबा. उरलेल्या दोघांसाठी सगळं फोडून सांगायला गेलात तर त्या आठांचा रस जातो.

गाइडचं मत आणि प्रेक्षकांचे कागद जुळले नाहीत तर कागद घेऊन गाइडकडे जा. ‘मला असं वाटतं’ यापेक्षा ‘दहापैकी सहा जण इथे अडले’ हे बोलणं सोपं जातं, आणि गाइडलाही त्यावर काहीतरी ठोस सुचवता येतं. एक गोष्ट मात्र कुणाच्याही सांगण्यावरून बदलू नका: ज्यासाठी तुम्ही ही फिल्म करायला घेतली ती. आपल्या उदाहरणात ती न दाखवलेली रिकामी शेड आहे. लोकांनी ती मागितली म्हणून दाखवायची नाही. तिच्याविना शेवट कळेल असं बाकीचं एडिट करायचं.

मग लॉक करा, साऊंडला द्या. मिक्स झाल्यावर एकदा, फक्त आवाजासाठी, मोठ्या खोलीत ऐका. सबटायटल्स या टप्प्यावर तपासायच्या, आणि मराठी न येणाऱ्या दोघा-तिघांकडून. मुंबईचा मिफ (मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) १९९० पासून माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनसाठी भरतो. तिथे किंवा पुण्याच्या पिफसारख्या (पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) ठिकाणी बसलेल्या अमराठी प्रेक्षकाला ‘भरूया की’ मधला धीर आणि त्यामागची लपवाछपवी दोन्ही कळायला हवीत. ओळ अचूक असूनही सपाट झाली असेल तर त्यांचे चेहरे सांगतील. एका वेळी दोनपेक्षा जास्त ओळी पडद्यावर ठेवू नका, आणि शॉट बदलला की ओळही बदलू द्या.

शेवटच्या आभाराच्या पाटीत दोन्ही खेळांना आलेल्यांची नावं घाला. ती कशी लिहायची हे ज्याचं त्याला विचारून घ्या, आणि फिल्म सबमिट झाली की सगळ्यांना कळवा.